नाताळच्या चिठ्ठीतलं मीठ

१८ नोव्हेंबर

मी अंजनाबाई. मी सांगते आणि माझी सून रोशनी लिहिते. मला अक्षर येत नाही. थोडं येतं, वाचता येतं पण लिहिता येत नाही, असलं काही नाही. एकही येत नाही.

रोशनी गावच्या अंगणवाडीत सेविका आहे. हे रजिस्टर तिच्याकडे जास्तीचं पडलं होतं. मुलांच्या नोंदीचं आहे म्हणे. नाव, वय, वजन असे रकाने आहेत. मी म्हटलं, असू दे. माझं वजन किती ते शेवटी कळेलच.

बसल्या बसल्या तिनं विचारलं, "आई, तुमी बोलता तसंच लिवू, का शाळेसारखं?"

"शाळेसारखं लिव. मी तर शाळेत नाई गेलो, माह्यं बोलणं तरी जाऊ दे."

हे लिहून ठेवायचं कारण म्हणजे नाताळ जवळ आला. आम्ही ढिवर. तलाव, जाळं आणि मासोळी हा आमचा धर्म. नाताळ आमचा नाही, पण नाताळची चिठ्ठी आमच्या घरून जाते. मिशनच्या दवाखान्यात मी एकतीस वर्षं आया होते. नाताळच्या संध्याकाळी डॉक्टरीणबाई सगळ्यांना कडुनिंबाखाली बसवायच्या आणि एक ताट फिरवायच्या. ताटात एका बाजूला गूळ, एका बाजूला खडे मीठ. गुळाचा खडा तोंडात टाकायचा आणि वर्षातली एक चांगली गोष्ट सांगायची. मग मीठ चाटायचं आणि एक वाईट सांगायची. खोटं सांगितलं तर मीठ अळणी लागतं, असं त्या म्हणायच्या.

दवाखाना बंद पडला. नीलाबाई सिस्टर वरोऱ्याला गेल्या, गुणवंतराव कंपाउंडर गडचिरोलीला लेकीकडे गेले. जाताना ठरलं की ताट फिरणार नाही तर चिठ्ठी फिरवू. तेव्हापासून माझं गूळ-मीठ माझा मुलगा अंकुश लिहितो. मी सांगते, तो लिहितो, झेरॉक्स काढतो, प्रत्येक कापीवर मी डावा अंगठा उठवते आणि तो टपालात टाकतो. आधी सात कापी लागायच्या. आता दोन. बाकीचे पाच भिंतीवर गेले, हार घालून.

दरवर्षी डिसेंबर येईपर्यंत वर्षभराचं विसरून जाते. म्हणून यंदा आधीच माल गोळा करायचा.

२१ नोव्हेंबर

धान घरी आलं. गूळ सापडला: तलावात यंदा झिंगे भरपूर आहेत. यांच्या माघारी, म्हणजे अंकुशचे वडील श्रावण गेल्यापासून, एवढे झिंगे पाहिले नव्हते.

मिठाची मला कधी चिंता नसते. मीठ घरचंच आहे, अंकुश.

तीन वेळा दहावीला बसला. तिसऱ्या वेळेस मी चिठ्ठीत सांगितलं होतं की मास्तर रिटायर झाले पण आमचा अंकुश अजून शाळेतच आहे. एकदा नवी मोटारसायकल घेऊन आला आणि गावासमोर शेणाच्या उकिरड्यात गेला. तेही सांगितलं. नीलाबाईंचा प्रफुल आणि आमचा अंकुश एकाच आठवड्यात, एकाच वॉर्डात जन्मले. दोघांना पहिली आंघोळ मीच घातली. प्रफुल पुण्यात डॉक्टर आहे. आमचे साहेब घुग्घुसला कोळशाच्या रेल्वे सायडिंगवर कंत्राटी कामात. मी सांगितलं होतं, पाणी एकच होतं बाई, एकाचा रंग उजळला, एकाचा कोळसा झाला.

कडुनिंबाखाली तर लोक माझ्या मिठाची वाटच पाहायचे. अंकुश लहान होता, माझ्या मांडीवर बसलेला असायचा. मी सांगायला लागले की माझ्या पदरात तोंड खुपसायचा. फार लाजरं पोरगं.

रोशनी लिहिता लिहिता थांबली. म्हटलं, "हसली नाईस?"

"आई, ह्या चिठ्ठ्या दरवर्षी लिवते कोण?"

"अंकुशच ना. अक्षर चांगलं आहे त्याचं. तेवढं एकच."

मग ती म्हणाली की भाजी करपते. चुलीवर भाजी नव्हती, भात होता.

२४ नोव्हेंबर

अंकुश सुट्टीवर आला. कोंबड्यांचा खुराडा नीट केला. जेवताना म्हणाला, "माय, या साली राहू दे ना चिठ्ठी. नऊ वर्सं झाले, कोणाचं उत्तर येते का?"

खरं आहे. आधी उत्तरं यायची, पण आता नऊ वर्षं झाली, कुणाची एक ओळ आली नाही. मी दर चिठ्ठीच्या शेवटी सांगते, पौषात तलावाची मासोळी काढतो, या, मरळ खाऊ घालतो. कुणी येत नाही. फोन लावायला सांगितला तर अंकुश म्हणतो, नंबर बदलले त्यांचे.

गुणवंतरावांचं सोडा, पुरुषमाणूस. पण नीलाबाई! त्यांची ड्युटी असली की प्रफुल माझ्या पाठीवर असायचा. श्रावण गेले तेव्हा तेरा दिवस नीलाबाई माझ्याजवळ चटईवर झोपल्या. अशी बाई विसरते कशी? मुलगा डॉक्टर झाला, आता आया कशाला लागते?

मी अंकुशला म्हटलं, "ते विसरले असन. मी नाई विसरत. तू लिव."

"बरं माय," म्हणाला. भात निम्मा टाकून उठला.

३० नोव्हेंबर

आज मूल गावच्या बाजारात गेले होते. लसणाच्या ढिगाशी कुणीतरी म्हणालं, "अंजनाबाई? अवो, तुमीच ना?"

गुणवंतराव! दात सगळे गेलेले, पण कान तेच, सुपासारखे. कुणाच्या तरी लग्नाला आले होते. मी तोंड फिरवणार होते. पण ते म्हणाले, "ऊर्जानगरातून कधी आल्या?"

"मी काऊन जाऊ त्या विजेच्या कॉलनीत, ऊर्जानगरले?"

"काऊन म्हंजे? राहता ना तिथी, पोराच्या क्वार्टरात. पोरगा इंजिनियर झाला म्हणून आमाले किती आनंद झाला."

मी म्हटलं, "गुणवंतराव, तुमी दुसऱ्या कोण्या अंजनाबाईसोबत बोलून राह्यले."

"चिठ्ठीवर अंगठा तर तुमचाच राहते," ते म्हणाले. "पयले दोन साल म्या उत्तरं धाडली ऊर्जानगरच्या पत्त्यावर. परत आली. नीलाबाई तर सोता गेलत्या. डब्यात करंज्या घेऊन, भर उन्हात. गेटवरच्या माणसानं सांगितलं, या नावाचा इंजिनियर इथी नाई. तवापासून म्हणतात, अंजना मोठ्या लोकांत गेली, आपल्याले पत्ताही खोटाच देते."

मी लसूण तिथेच टाकून आले. पैसे दिले होते की नाही, आठवत नाही.

आणि एक गोष्ट त्यांनी सांगितली. नीलाबाईंना आता ऐकू येत नाही. काहीच नाही. दोन वर्षं झाली. मशीन लावूनही नाही. म्हणून फोनचा उपयोग नाही. वाचतात मात्र चष्म्याशिवाय.

२ डिसेंबर

रोशनीला विचारलं, "चिठ्ठीत ऊर्जानगर कुठून आलं?"

पेन थांबला. म्हणाली, शाई संपली. पेन काल आणला होता.

म्हटलं गुणवंतराव म्हातारे झाले, कुणाचं कुणाला जोडत असतील. अंकुश बाकी काही असेल, पण खोटा नाही. खोटं बोलायला डोकं लागतं, असं मी स्वतःच तर सांगत आले.

८ डिसेंबर

गुणवंतराव गडचिरोलीहून बसनं आले, चिठ्ठ्या आणून दाखवतो असं बाजारात म्हणाले होते तसे. प्लास्टिकच्या पिशवीत या नऊ वर्षांच्या चिठ्ठ्या होत्या, नऊच्या नऊ. कंपाउंडरच ते, औषधाच्या कागदासारख्या जपलेल्या. मी म्हटलं, वाचा. रोशनी चहा करत होती.

त्यातल्या पहिल्या चिठ्ठीत अंकुशला ऊर्जानगरात नोकरी लागली होती आणि वर पत्ताही तिथलाच होता. दुसरीत तो इंजिनियर झाला. तिसरीत आम्हाला क्वार्टर मिळालं, गावचं घर बंद केलं, मला तिकडे नेलं. चौथीत मी कूलरमध्ये बसून टीव्ही पाहत होते. सहावीत लिहिलं होतं की आईला प्रवास झेपत नाही आणि क्वार्टरात पाहुण्यांना पास लागतो, तेव्हा येण्याचा त्रास घेऊ नये.

येण्याचा त्रास घेऊ नये.

मी विचारलं, "मरळ खायले या, असं कुठी लिवलं आहे का?"

त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा चाळल्या. "नाई बाई."

"आन् मीठ?"

"या नऊ सालात मीठ कोण्याच चिठ्ठीत नाई. निसता गूळच गूळ. आमी म्हणत होतो, अंजनाबाईचं बरं चाललं आहे."

मी एक चिठ्ठी हातात घेतली. अक्षरं म्हणजे मला मुंग्यांची रांग. पण खाली माझा अंगठा होता. तो मला वाचता येतो. मासे चिरताना लागलेल्या विळ्याची आडवी चीर आहे त्यावर. प्रत्येक चिठ्ठीवर ती चीर होती. नऊ वर्षं मी खोट्याखाली अंगठा उठवत होते, हसत हसत.

चहा आलाच नाही. पाहिलं तर रोशनी चुलीसमोर बसलेली, पातेल्यातलं पाणी आटून गेलेलं.

९ डिसेंबर

आज काही सांगायचं नाही. एवढंच लिही.

११ डिसेंबर

रोशनी आपल्या मनानं बोलली. तिले लग्न झाल्यापासून माहीत होतं. अंकुशनं तिले शपथ घातली होती.

आठ वर्सं ह्या बाईच्या हातची भाकर खाल्ली म्या. माही वेणी हे घालते. मोतीबिंदू काढला तवा डोळ्यात औषध हे टाके. मी दर नाताळले उंबरठ्यावर बसून टपालवाल्याची वाट पाहो, आन् हे मांगून मले म्हणे, "आई, ऊन लागन, आत या." तिले माहीत होतं का कोणी येणार नाई. पोट्ट्यानं मारलं ते लागलं, पण हे जास्त लागलं. पोट्टा तरी दूर राहते.

म्या म्हटलं, आता शाळेसारखं लिवू नोको. मी बोलतो तसंच्या तसं लिव. तुह्याबद्दल बोलतो तेही लिव. एक अक्षर इकडचं तिकडं करू नोको.

रडून राह्यली. लिव तेही. रडून राह्यली आन् लिवून राह्यली.

१४ डिसेंबर

अंकुश आला. हेल्मेट काढलं, माह्याकडे पाह्यलं, आन् रोशनीकडे पाह्यलं. समजला.

"बस," म्या म्हटलं. "चिठ्ठी काऊन बदलवली?"

तो हेल्मेटच्या आतच पाहत राह्यला. काई हरवलं असन जसं त्यात.

"झेरॉक्सवाला वाचे, माय," तो म्हणाला. "सात कापी काढता काढता वाचे. 'तीनदा नापास, अजून शाळेतच.' मंग दुकानात जे कोणी उभे राहत, त्यायले वाचून दाखवे. मी पैसे देऊन कापी घेओ."

"मजाक होती बापा ते."

"हो."

"मंग सांगाचं होतं ना मले, का हे नोको लिवू."

"सांगतलं होतं. तू म्हटलं, मीठ आहे ते, खारटच लागन."

मले नाई आठवत. म्हटलं असन. मले असं बोलता येते.

"आन् इंजिनियर कसा झाला?"

"एका साली निसतं लिवलं, ऊर्जानगरात लागलो म्हणून. लिवून बरं वाटलं. दुसऱ्या साली ते मांगं घेता येत नव्हतं. मंग क्वार्टर घ्याव लागलं. मंग तुले न्याव लागलं."

"मले इथीच ठेवून."

म्या विचारलं, "आन् या म्हटलं होतं ते?"

"ते आले असते तं सगळंच दिसलं असतं."

"करंज्या घेऊन ऊर्जानगरच्या गेटवरून वापस गेली ना नीलाबाई, तिले ऐकू येत नाई आता. या नऊ वर्सात तिचे कान गेले रे. आली असती तवा, तं माह्यं बोलणं ऐकलं असतं तिनं. आता मी काई बोलो, तिच्यासाठी मुकीच. आन् तिची चिठ्ठी आली तं मी आंधळी. आमचे दोघीचे शबूद तूच होता. माह्यं तोंड तुह्या हातात होतं अंकुश."

हे त्याले माहीत नव्हतं, कानाचं. तो उठून तलावाकडे गेला. मी आडवलं नाई.

१५ डिसेंबर

आज चिठ्ठी झाली.

सकाळपासून मले एकच कोडं. नीलाबाईले खरं नाई सांगितलं, तं ते समजन का अंजना मोठी झाली, आपल्याले विसरली. खरं सांगितलं, तं माह्या पोट्ट्याचं खोटं त्याच लोकायसमोर. पुन्हा अंकुशचंच मीठ. रोशनीले लिवाले सांगू का? तिच्यावर भरोसा नाई. मंगली, शेजारची, तिले वाचता येते, पण तिले सांगितलं तं गावाले वेगळी चिठ्ठी पाठवाची गरज नाई.

शेवटी अंकुशलेच बसवलं. कागद तोच, जागा तेच. गूळ म्या सांगितला: गुणवंतराव बाजारात भेटले, तुमी सगळे जिवंत आहा हे समजलं. त्यानं लिवलं.

"मीठ?" त्यानं विचारलं. वर नाई पाह्यलं.

"मीठ तू लिव. तुले जे खारट लागलं असन ते. शेवटी लिव का पौषात मासोळी निघते, या. एवढं मात्र माह्यं आहे, ते गाळलं तं पाहजो."

मी उठून कोंबड्यायकडे गेलो. कोंबड्यायचं काई काम नव्हतं. परत आलो तवा कागद दोनी अंगानं भरला होता. माह्या जन्मात त्यानं एवढं लिवलं नाई.

रोशनी म्हणे, "आई, वाचून दाखवू?"

"तू वाचशीन ते खरं का खोटं, मले कसं समजन?" म्या म्हटलं.

तिचं तोंड एवढुसं झालं. होऊ दे.

न वाचताच अंगठा उठवला. नऊ वर्सं नाई वाचलं, दहावं काऊन वाचू? भरोसा आहे म्हणून नाई उठवला. दुसरा रस्ता नाई म्हणून उठवला. हे बी लिव.

२५ डिसेंबर

ताटात गूळ अन् मीठ ठेवलं. कोणी हात नाई लावला. कोंबडीनं गूळ नेला.

११ जानेवारी

तलावाची मासोळी आज काढली. अंकुशनं सुट्टी घेतली होती. मी पयाटेपासून चिंचेखाली, जिथी बस थांबते तिथी. रोशनी म्हणत होती आत या, म्या तिच्याकडे पाह्यलं, मंग नाई म्हणाली.

दुपारच्या बसनं गुणवंतराव उतरले. त्यायच्या मांगं नीलाबाई.

केस पांढरे झाले. एवढीशी झाली आहे. पण चालणं तेच, वॉर्डात राउंडले निघाल्यासारखं. म्या "नीलाबाई" म्हणून हाक मारली. तिनं नाई ऐकलं. दुसऱ्यांदा मारली. मंग आठवलं.

ते माह्यासमोर उभी राह्यली. पर्समधून चिठ्ठी काढली आन् वाचाले लागली. तिले सोताचा आवाज ऐकू येत नाई, म्हणून एवढ्या जोरानं का तलावावरचे ढिवर जाळे सोडून पाहत राह्यले. अंकुश तिची थैली घ्याले आलता. तो तिथीच खांबासारखा.

तिनं वाचलं:

"मीठ. मी अंकुश. आईच्या चिठ्ठ्या मी नऊ वर्षं खोट्या लिहिल्या. मी इंजिनियर नाही. घुग्घुसला सायडिंगवर कंत्राटी आहे. आई कुठे गेली नाही, इथेच आहे. ती दर वर्षी तुम्हाला या म्हणत होती, ते मी लिहिलं नाही. आई माझ्यावर बोलते तेव्हा सगळे हसतात. मलाही हसू यायचं. लिहिताना येत नव्हतं. नीलामावशी, तुम्ही करंज्या घेऊन गेटवर आलात, त्या दिवसाचं मीठ मला पुरेल. आईनं हे वाचलेलं नाही, तिला वाचता येत नाही. खालचा अंगठा तिचा आहे, पण यातलं एकही अक्षर तिचं नाही. फक्त शेवटचं तिचं आहे: पौषात मासोळी निघते, या."

तिनं कागद घडी केला, माहा डावा हात धरला आन् अंगठ्यावरची चीर पाह्यली. पाह्यली, मंग दुसऱ्यांदा पाह्यली. जशी औषधाच्या शिशीवरची तारीख पाहे तशी. तवा कुठी गळ्यात पडली.

मी तिच्या कानात लय बोललो. नऊ वर्साचं. तिनं मान हलवली, जागा चुकवून चुकवून. मी श्रावणच्या तेरवीचं बोललो तवा ते हसली, आन् झिंग्यायचं बोललो तवा रडली.

मंग माह्या तोंडातून निंगून गेलं, अंकुशकडे पाहून: "एवढं साजरं लिवता येते, तं दहावीत काऊन नाई लिवलं रे?"

सगळे हसले. ढिवर हसले, गुणवंतराव बिना दाताचे हसले. अंकुशबी हसला. नीलाबाई नाई हसली, तिले ऐकू नाई आलं, ते अंकुशच्या तोंडाकडे पाहून राह्यली होती. त्यानं थैली उचलली आन् आमच्या पुढं घराकडे चालाले लागला. मांगं वळून नाई पाह्यलं.

मरळ चांगली झाली. त्यानंच वाढली. सगळ्यायले वाढली, मले बी. नीलाबाईनं जेवण झाल्यावर ताट मांगितलं, गुळा-मिठाचं. म्या मीठ चाटलं आन् काई सांगितलंच नाई. अळणी नव्हतं.

माफ केलं का, असं मले कोणी विचारलं नाई. त्यालेबी कोणी विचारलं नाई.

आता रोशनीले म्हटलं, ते दहावीची ओळ खोड. माह्या तोंडची.

"तुमीच म्हटलं होतं ना आई, एक अक्षर इकडचं तिकडं करू नोको."

"मीच म्हणून राह्यलो, खोड."

तिनं पेन कागदावर टेकवला. मंग म्हणाली, खोडली.

खोडली असन. ते तिले आन् कागदाले माहीत.